संयम आणि सोवळे

ज्या घरात माझे बालपण गेले त्या घरात मद्याचे नावदेखील मोठ्याने उच्चारले जात नसे. शेजारपाजारचा कोणी त्या मार्गाला लागला तर वडीलमंडळी ‘तो आता तसला झाला’ एवढेच म्हणत, आणि ‘तसला’ या एका शब्दात त्या माणसाची वासलात लागे. अशा संस्कारांत वाढलेला, तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलेला आणि आयुष्यात मद्याचा थेंबही न घेतलेला मी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी इंग्लंडातील एका खेड्यातल्या पबमध्ये दुपारचे दोन तास बसून आलो. त्या दोन तासांत मी जे प्यालो ते अगदी निरुपद्रवी होते. परंतु जे पाहिले त्याने माझ्या एका जुन्या समजुतीला धक्का दिला. ती समजूत कोणती आणि तो धक्का कसा बसला, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यातला विनोद असा की पुस्तकांतल्या मद्यगृहांशी माझा परिचय फार जुना. चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीच्या वाटेला लागण्यापूर्वी साउथवर्कमधील ‘टॅबर्ड’ या पांथशाळेत जमतात आणि तिचा मालकही त्यांच्याबरोबर निघतो, हे मी किती वर्गांना रंगवून सांगितले असेल याची गणती नाही. फॉल्स्टाफच्या अड्ड्यावर तर मी इतका रमलेला आहे की विद्यार्थ्यांना माझ्याविषयी संशय यावा! पण छापील मद्याला वास नसतो, आणि पुस्तकातला मद्यपी आपल्या शेजारी येऊन बसत नाही. वाङ्मयाच्या प्राध्यापकाला ही सोय फार मानवते.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात माझा एक जुना विद्यार्थी मला लिंकनचे कॅथीड्रल दाखवावयास घेऊन चालला होता. पीटरबरोहून लिंकनकडे जाणारा हा हमरस्ता. पूर्वेस क्षितिजापर्यंत सपाट पसरलेली, पाणी उपसून शेतीखाली आणलेली जमीन. पश्चिमेस किंचित उंचवटा आणि त्यावर चुनखडीच्या पिवळसर दगडांची घरे असलेली खेडी. वाटेत पाऊस लागला आणि दुपारची वेळही टळत आली. एका गावात अगदी रस्त्याला चिकटून असलेल्या जुन्या घरापुढे त्याने गाडी थांबविली. दारावर रंगविलेली पाटी वाऱ्याने हलत होती.

“सर, येथे जेवण बरे मिळते.”

ते घर कसले आहे हे मी ओळखले आणि म्हणालो, “तू जेवून ये. मी गाडीत बसतो. मजजवळ चिवडा आहे.”

“सर, या पावसात? दोन तास?”

त्याच्या स्वरात थट्टा नव्हती. असती तर मी गाडीतच बसलो असतो. मी उतरलो.

आत शिरताना मान वाकवावी लागली, इतके दार बुटके होते. काळवंडलेल्या तुळया, एका कोपऱ्यात पेटलेली शेगडी, भिंतीला टांगलेल्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलेले पदार्थ, आणि मध्ये लाकडी कठडा. बाहेरून बीट व कोबी भरलेली मालमोटार गेली की खिडक्यांची तावदाने थरथरत. येथे वाढपी येत नाही. आपण उठून कठड्याशी जावयाचे, काय हवे ते सांगावयाचे, पैसे तेथेच द्यावयाचे आणि आपला ग्लास आपणच उचलून आणावयाचा. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचे लघुरूप आहे हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यातल्या ‘हाउस’ या शब्दाचा अर्थ मला तेथे उमगला. मध्ययुगात घरची बाई स्वयंपाकघरात एल गाळी, घरच्यापुरती ठेवून उरलेली शेजाऱ्यांना विकी, आणि शेजारी तेथेच चुलीजवळ बसून ती पीत. त्या घराचे पुढे दुकान झाले, पण चुलीजवळ बसण्याची रीत राहिली.

माझ्या विद्यार्थ्याने मजसाठी ‘जिंजर बिअर’ मागविली. मी दचकलो. ती आल्याचे गोड पाणी असते, तिच्यात मद्य नाही, असे त्याने मला दोनदा सांगितले. तरीही त्या दुसऱ्या शब्दाने माझा हात क्षणभर अडला. पदार्थ निर्दोष आहे हे बुद्धीला पटले होते. नाव विटाळलेले होते. हा क्षुल्लक प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या विचाराचे बीज त्यात आहे.

बसावयास जागा नव्हती. शेगडीपाशी एक लांब लाकडी बाक होता. त्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या पायाशी एक म्हातारा कुत्रा निजला होता. मला उभा पाहून त्यांनी आपला ग्लास उचलला, कुत्र्याला पायाने हलकेच बाजूस सारले, स्वतः दीड हात सरकले आणि रिकाम्या झालेल्या लाकडावर दोनदा थाप मारली. बोलले काहीच नाहीत. आणि मी, माणुसकीवर व्याख्याने देणारा मनुष्य, तसाच उभा राहिलो. माझ्या हातात आल्याचे पाणी होते; त्या गृहस्थांकडून मला काही पाजले जाण्याचा संभव नव्हता. मग मी कशाला अडखळलो? ते ‘तसले’ असावेत, एवढ्यालाच.

अखेर बसलो. हळूहळू बोलणे निघाले. त्यांनी चाळीस वर्षे याच रस्त्यावर मालमोटार चालविली होती. पत्नी वारल्यावर त्यांचे पिणे हाताबाहेर गेले. पुढे ते सुटले, आणि सुटल्याला अकरा वर्षे झाली होती. त्यांच्या ग्लासात साधे लिंबाचे सरबत होते. मी आश्चर्याने विचारले, “मग आपण येथे कशासाठी येता?” ते म्हणाले, “घरी राहिलो असतो तर एकट्याने पीतच राहिलो असतो. येथे सगळ्यांना ठाऊक आहे की मी पीत नाही.” कठड्यामागची बाई त्यांनी न मागता त्यांच्यापुढे दुसरे सरबत ठेवून गेली. बाकाच्या दुसऱ्या टोकाशी दोघे शेतकरी मजेत बिअर पीत होते. कोणीही कोणाला उपदेश केला नाही.

त्या गृहस्थांनी मद्य सोडले होते, बाक सोडला नव्हता. मी मात्र मद्याला कधी स्पर्श केला नव्हता, आणि बाक सोडून चोपन्न वर्षे उभा होतो. या दोन गोष्टी एकच आहेत असे मी समजत आलो होतो. त्या दुपारी त्या प्रथमच एकमेकींपासून सुटून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. पहिलीला आपण संयम म्हणतो. दुसरीला आमच्या भाषेत फार जुने नाव आहे: सोवळे.

लिंकनचे ते भव्य कॅथीड्रल मी पाहिले खरे, पण माझे मन सातारा जिल्ह्यातील हमरस्त्यालगतच्या आमच्या गावी, आजोबांच्या ओट्याशी जाऊन बसले होते. ही १९८० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शेतावर राबणारे एक वृद्ध गृहस्थ दररोज सकाळी ओट्याखाली येत. आम्ही मुले त्यांना ‘आबा’ म्हणत असू. ओट्याच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असे. आबा तो काढीत, मी वरून चहा ओतीत असे, ते अंगणात उकिडवे बसून तो पीत, कप स्वतः विसळीत आणि पुन्हा कोनाड्यात ठेवीत. कपाला कपाचा स्पर्श होऊ नये म्हणून किटली किती उंच धरावी हे मला कोणी शिकविले नव्हते. ते मला येतच होते.

एकदा मी आजोबांना विचारले, “आबा वर का बसत नाहीत?” आजोबा सत्शील गृहस्थ होते, खादी वापरीत, गांधीजींचे नाव आदराने घेत. ते म्हणाले, “अरे, त्या लोकांत पितात.” मला ते उत्तर पटले. दारू वाईट, हे मला पटलेलेच होते. मग तिच्यापासून दूर राहणे हेही ओघानेच आले.

पण आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ते माळकरी होते; एकादशीस अन्नाला शिवत नसत आणि दरवर्षी पायी पंढरपुरास जात. त्यांच्या ओठांना मद्याचा थेंब लागला असण्याची शक्यता माझ्या आजोबांइतकीच कमी होती. उलट मुंबईस कचेरीत नोकरीला असलेले माझे एक चुलते सुट्टीत गावी येत, तेव्हा त्यांच्या बॅगेत काय असते हे घरातल्या बायकांनाही ठाऊक होते. ते माजघरात पाटावर बसत आणि त्यांना पाणी फुलपात्रातून मिळे. म्हणजे पिणारा माजघरात आणि न पिणारा अंगणात! हे दृश्य मी दरवर्षी पाहत होतो आणि आजोबांचे उत्तर त्याशी जुळत नाही हे माझ्या ध्यानात आले नाही. ध्यानात यावयास मला चाळीस वर्षे लागली, आणि त्यासाठी परदेशातल्या एका परक्या माणसाला बाकावरून दीड हात सरकावे लागले.

येथे कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय विलायतेस जाऊन आले आणि तिकडचे गोडवे गाऊ लागले. तसे मुळीच नाही. तिकडच्या बाकांचा इतिहास मला ठाऊक आहे. जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे पांथशाळेच्या मालकाने योग्य कारणावाचून कोणत्याही प्रवाशाला परत लावता कामा नये. तथापि १९४३ साली वेस्ट इंडीजचा थोर क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर खेळण्यासाठी लंडनला आला असता इंपीरियल हॉटेलने त्याच्या वर्णामुळे त्याला राहू देण्यास नकार दिला. त्याने दावा लावला, १९४४ साली तो जिंकला, आणि भरपाई मिळाली पाच गिनी. ज्या पबमध्ये मुक्कामाची सोय नाही तेथे तर त्या कायद्याचेही संरक्षण नव्हते. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविक येथे ओतशाळांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना कित्येक पबांत साध्या दालनात घेत, पण चांगल्या दालनात घेत नसत. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स तेथे आले, तेव्हा त्यांनाही एका पबच्या त्या दालनात पेय मिळाले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्णभेदविरोधी कायदा अमलात आला आणि अशा सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून नकार देणे बेकायदेशीर ठरले. आज त्या भागात कित्येक पबांचे मालकच पंजाबी आहेत, आणि गोरे गिऱ्हाईक तेथे तंदुरी खाण्यास जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्मेथविकमधील त्या दालनात मनाई होती ती मद्याला नव्हे. मद्य तर तेथे वाहत होते. मनाई शेजारी बसण्याला होती. म्हणजे सोवळ्याला संयमाची गरज नसते. ते पिणाऱ्यांतही नांदते आणि न पिणाऱ्यांतही. फरक एवढाच की न पिणाऱ्याला ते झाकण्यासाठी संयमाचे स्वच्छ उपरणे आयते मिळते.

‘सार्वजनिक’ हा शब्द आमच्याकडेही काही कमी फसवा नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले. पण ज्यांच्यासाठी ते खुले झाले त्यांना तेथील पाणी पिता येत नव्हते. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तेथे गेले आणि त्यांनी ते पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला झाला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळावयास १९३७ साल उजाडले. लक्षात घ्या, येथे प्रश्न पाण्याचा होता. पाण्याहून निर्व्यसनी पेय दुसरे कोणते?

आपल्या राज्यघटनेने या दोन गोष्टी किती नेमक्या वेगळ्या ठेवल्या आहेत, हे मी परत आल्यावर पुन्हा वाचून पाहिले. पंधराव्या अनुच्छेदात धर्म, जात, लिंग इत्यादींवरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी येथे मज्जाव करता येणार नाही असे सांगितले आहे. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली आहे. आणि सत्तेचाळिसाव्यात मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असे म्हटले आहे. पहिल्या दोहोंचा संबंध बाकाशी आहे, तिसऱ्याचा ग्लासाशी. बाक खुला करा आणि ग्लास सोडा, असे एकाच ग्रंथात सांगता येते. त्यात विसंगती नाही. विसंगती आहे ती आमच्यासारख्यांच्या वागण्यात. ग्लास सोडल्याच्या पुण्याईवर आम्ही बाकही स्वतःसाठी राखून ठेवला.

तेव्हा मद्याविषयी माझे मत बदलले आहे असा समज कोणी करून घेऊ नये. ते बदललेले नाही. हमरस्ता आणि मद्य यांची संगत किती घातक आहे हे इंग्लंडलाही कळले. तेथे १९६७ साली चालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा कायद्याने ठरविण्यात आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्री नको असा निर्णय दिला. पुढे त्यात काही सवलती आल्या, पण त्यामागची तळमळ खरी होती. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीतून. आणि गावोगावच्या ज्या बायका मतदान करून बाटली आडवी करतात, त्यांच्यापुढे तर माझी मान नम्रच होते. पण त्या बायकांची गोष्ट नीट पाहावी. त्यांचे भांडण दारूशी आहे. पिणारा त्यांचा नवरा असतो, मुलगा असतो. रात्री तो झिंगत आला की त्याच त्याला धरून आत आणतात आणि त्याच्यापुढे ताट ठेवतात. त्या त्याला ‘तसला’ म्हणून मोकळ्या होऊ शकत नाहीत. त्यांच्या ठायी संयमाचा आग्रह आहे, पण सोवळे नाही. आमच्या ओट्यावर नेमके उलट होते.

दोहोंतला भेद ओळखावा कसा? मला एक साधी कसोटी सुचते. संयम स्वतःला विचारतो की माझ्या ग्लासात काय आहे. सोवळे दुसऱ्याला विचारते की तू कोण आहेस. संयमाला किंमत मोजावी लागते. लिंकनशरमधील त्या वृद्धाने अकरा वर्षे रोज ती मोजली, तीही बिअर पिणाऱ्यांच्या शेजारी बसून. सोवळ्याची किंमत मात्र नेहमी दुसराच देतो. मद्य न पिण्यासाठी मला आयुष्यात एक दिवसही कष्ट पडले नाहीत, कारण ते कधी माझ्यापुढे आलेच नाही. मग माझ्या निर्व्यसनीपणात पुण्य किती आणि नुसती सवय किती, हा हिशेब मला प्रामाणिकपणे करता येत नाही.

लेख येथे संपविता आला असता. पण मग तो अर्धाच खरा ठरला असता.

पुण्यास परतल्यावर चार दिवसांनी सकाळी मी स्वयंपाकघरात पाणी घ्यावयास गेलो. आमच्याकडे गेली चौदा वर्षे धुण्याभांड्याला एक बाई येतात. आम्ही त्यांना ‘मावशी’ म्हणतो. मोरीशेजारच्या खालच्या फळीवर एक स्टीलचा कप एकटाच उपडा ठेवलेला मी पाहिला. आमच्या घरात जातपात पाळीत नाहीत. मी तसे जाहीर सभांतून सांगितले आहे. तो कप तेथे कोणी ठेवला, केव्हा ठरले, हे माझ्या पत्नीला आठवेना आणि मलाही आठवेना. “स्वच्छतेसाठी असेल,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तीच थांबली. कारण घरातली सगळी भांडी घासून स्वच्छ करण्याचे काम तर मावशींचेच होते. आजोबांनी दारूचे कारण दिले होते, आम्ही स्वच्छतेचे देत होतो. कोनाडा तोच होता.

आम्ही तो कप काढून टाकला. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, फळी चाचपून म्हणाल्या, “ताई, माझा कप कुठं गेला?” पत्नीने आमच्या नेहमीच्या कपात चहा ओतला आणि टेबलाशी खुर्ची ओढून दिली. मावशींनी एकदा खुर्चीकडे पाहिले, एकदा आम्हा दोघांकडे. “राहू द्या ताई, कामं पडलीत,” असे म्हणून त्यांनी तो कप घेतला आणि नेहमीप्रमाणे दाराशी जमिनीवर बसून चहा प्याल्या.

त्या पबमधल्या वृद्धाला सरकावयास एक क्षण पुरला होता. मी मात्र बाकावर बसण्यापूर्वी बराच वेळ उभा होतो, आणि तो न रागावता वाट पाहत राहिला होता. मावशींना खुर्ची दिल्याला आता दीड वर्ष झाले. कप वेगळा राहिलेला नाही. खुर्ची अजून बहुधा रिकामीच असते. चौदा वर्षे ज्यांना आम्ही उभे ठेवले त्यांनी पहिल्याच दिवशी येऊन बसावे, अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही रोज सकाळी खुर्ची ओढून ठेवतो.